क्षयजंतूंचे जनुकीय ठसे : प्रयोगशाळांचे माप एक हवे

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयजंतूंचा 'जनुकीय ठसा' घेता येतो, हे आमच्या अनेक हितचिंतकांना ठाऊक असेल. परंतु दोन प्रयोगशाळांचे ठसे एकमेकांशी ताडता आले नाहीत, तर त्यांचा उपयोग अर्धाच उरतो.

समजा, आंधळगावचा एक तरुण कामासाठी मुंबईस गेला व तेथे त्याला असा क्षयरोग जडला. पुढे गावी त्याच्या आईलाही तोच आजार झाला. जंतू एकाच वंशाचे असतील, तर संसर्ग घरातच पसरला असण्याचा संभव अधिक. नसतील, तर उगम अन्यत्र शोधावा लागेल. मुलाचा नमुना मुंबईत व आईचा नागपुरात तपासला, तर पद्धत सारखी असल्यासच उत्तर मिळेल. कोशाचे कापड विणणाऱ्या आपल्या गावाला हे निराळे सांगणे नको : गज निराळे असले, की एकच ठाण दोन लांबींचे भरते.

याच हेतूने 1993 साली शास्त्रज्ञांनी समान नियम ठरविले. डीएनए कोणत्या विकराने कापावा, 'आयएस 6110' हा घटक कसा शोधावा आणि तुलनेसाठी कोणता प्रमाण-जंतू सोबत ठेवावा, हे निश्चित झाले. मात्र भारतातील अनेक क्षयजंतूंत या घटकाच्या एक-दोनच प्रती असतात, काहींत एकही नसते. त्यामुळे त्यांचे ठसे वेगळे ओळखणे कठीण जाई. पुढे 1997 मध्ये 43 खुणांची 'आहे-नाही' नोंद, तर 2006 मध्ये 24 ठिकाणच्या पुनरावृत्तींची मोजणी प्रमाण ठरली. ठशाचे पट्टे जाऊन अंक आले. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांनी 2005 साली बहुऔषधरोधी रुग्णांत 'बीजिंग' वंशाचे मोठे प्रमाण नोंदविले; हे नाव सर्वत्र एकाच वंशाला लागू पडते, ते समान पद्धतीमुळेच.

तरीही 2012 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पडताळणीत, एकसारखे नमुने देऊनही अनेक प्रयोगशाळांची उत्तरे जुळली नाहीत. आज जंतूचा संपूर्ण जनुकसंच वाचता येतो. पण प्रमाण-नमुना व नियमित बाह्य पडताळणी यांची गरज सरलेली नाही.

नातेवाइकांनी एवढे ध्यानी ठेवावे : ठसा संसर्गाची वाट दाखवितो, औषध मात्र औषध-संवेदनशीलता चाचणीवरून ठरते. म्हणून जुने अहवाल जपावेत व उपचार पूर्ण करावेत. दानशूरांस विनंती, की यंत्राइतकेच त्याच्या पडताळणीलाही साहाय्य करावे. ती डोळ्यांना दिसत नाही, पण अहवालाचा विश्वास तिच्यावरच उभा असतो.