रिसीव्हर ट्रान्समीटरशी का जुळत नाही?

प्रश्न : ड्रोनचा नवा रिसीव्हर बाइंड होत नाही. डोंबिवलीच्या आमच्या दाट वस्तीतील वायफाय याला कारणीभूत असेल का?

उत्तर : शेजाऱ्यांच्या वायफायने पल्ला घटेल, परंतु बाइंडिंग अडण्याचे खापर सहसा त्याच्या माथी मारता येत नाही. पूर्वी दोन्ही यंत्रांत एकाच वारंवारतेसाठीचे स्फटिक बसवावे लागत आणि मैदानात दुसऱ्या कोणाजवळ तोच स्फटिक निघाला, की विमान गमावण्याची पाळी येई. आता बाइंडिंगच्या वेळी ट्रान्समीटर आपला ओळखक्रमांक रिसीव्हरच्या स्मृतीत दाखल करतो व त्यावरूनच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील वारंवारता-बदलाचा क्रम दोघेही काढीत असल्याने, ठाणे-कल्याणातील एकाच मैदानावर अनेकांची याने बिनतक्रार उडू शकतात.

तेव्हा प्रथम दोन्ही यंत्रांचा प्रोटोकॉल एकच असल्याची शहानिशा करावी; एक्सप्रेसएलआरएस असल्यास फर्मवेअरची मुख्य आवृत्तीही एकच हवी, कारण २ आणि ३ यांची सोयरीक जमत नाही. (परदेशातून मागवलेला ९१५ मेगाहर्ट्झचा संच जुळला तरी येथे बेकायदाच, आपला बिनपरवाना पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा आहे.) पंखे उतरवून, यंत्रे अगदी खेटून न ठेवता, पुन्हा प्रयत्न करावा. रिसीव्हरचा दिवा स्थिर झाल्यावर मोटारी मंद गतीने फिरवून ट्रान्समीटर बंद करावा. त्या थोड्याच क्षणांत थांबल्या नाहीत, तर फेलसेफची, म्हणजे संपर्क तुटल्यावर मोटारी थांबवण्याची, तजवीज अपुरी आहे.