कागदाच्या लाटा, कापडाच्या चुण्या

परीक्षेच्या निसर्गचित्रात आकाशाचा पहिला ओला हात फिरवला आणि कागदाला लाटा आल्या. रंग खळग्यांत साचला. आकाशात ढगांऐवजी डागच उरले. दोष मी कागदाला दिला.

उलगडा झाला घरी. आईच्या नायलॉनच्या साडीला सुती फॉल न भिजवताच लावला होता. पहिल्या धुण्यात फॉल आटला, साडी आटली नाही, काठाला चुण्या पडल्या. कागदाचेही तेच. ओला भाग वाढतो, भोवतीचा कोरडा भाग त्याला पसरू देत नाही. मग जास्तीची लांबी वरखाली होते. कागदाचे तंतू पाण्याने लांबीपेक्षा जाडीत अधिक फुगतात. यंत्रावरच्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने असतात, म्हणून लाटाही त्याच दिशेने धावतात.

आता मी अख्खा कागद आधी भिजवतो, फळीवर पसरून चारी कडा गोंदाच्या खाकी पट्टीने चिकटवतो आणि फळी आडवीच ठेवून वाळवतो. (चार कोपऱ्यांना पिना टोचून भागत नाही.) वाळताना कागद आखडू पाहतो, पट्टी आखडू देत नाही, तो डफासारखा ताणला जातो. पुढे रंगाच्या पाण्याने होणारी वाढ त्या ताणातच जिरते. चित्र पुरते वाळण्याआधी पट्टी मात्र कापू नये. मी एकदा कापली आहे.