डिस्क गेली नव्हती!

2004 सालची गोष्ट, पण राग अजून गेलेला नाही. विंडोज एक्सपीच्या शेजारी 2.6 कर्नलवालं नवंकोरं लिनक्स टाकलं. लिनक्स झकास चाललं. बूट मेनूत एक्सपी निवडलं की मात्र ‘चेनलोडर +1’ ही ओळ उमटायची आणि मशिन ढिम्म.

दुकानात नेलं. झाकणही न उघडता पोरगा म्हणाला, “डिस्क गेली काका. फॉरमॅट मारू, डेटाची गॅरंटी नाही.” वर, “कशाला नसते उद्योग करता?” हे जास्त झोंबलं. चेकिंगचे दीडशे रुपये देऊन मशिन घरी आणलं.

लिनक्समधून एक्सपीचं फॅट 32 पार्टिशन माउंट केलं, तर दोन वर्षांची बिलं जागच्या जागी! मग गेलं काय? ‘एफडिस्क -एल’ मारलं. सिलिंडर 77545, हेड 16. इन्स्टॉलच्या आधी काढलेल्या प्रिंटआउटवर सिलिंडर 4865, हेड 255. डिस्क तीच, 40 जीबीची. रात्री दीड वाजता एकटाच हसत सुटलो. नव्या कर्नलने बायोसला डिस्कची भूमिती, म्हणजे हे आकडे, विचारणंच सोडलं होतं. इन्स्टॉलरने 16 हेड धरून पार्टिशन टेबल लिहिलं, आणि एक्सपी बायोसच्या 255 वर अडून बसलं. खरं तर अशा डिस्कमध्ये हेड असायचे दोन-चार. दोन्ही आकडे थापाच, पण थाप सगळ्यांनी एकच मारायला हवी ना!

बायोसमध्ये डिस्कचा मोड ‘ऑटो’वरून ‘एलबीए’ केला, एक्सपी उठलं. तुमचं नाही उठलं, तर त्या काळच्या जुन्या ‘एसएफडिस्क -डी’ने टेबल उतरवून घ्या आणि हेड 255 सांगून तेच परत लिहा. प्रत्येक पार्टिशनचे सुरुवातीचे सेक्टर आधी होते तेच राहिले पाहिजेत, एकही हलता कामा नये. उतरवलेली फाइल त्याच डिस्कवर ठेवू नका. फ्लॉपीवर घ्या, कागदावरही घ्या. बॅकअप घ्या हे सगळेच सांगतात. मीही सांगतो, आणि मीही घेतला नव्हता. जीपीटी पार्टिशन टेबलच्या डिस्कवर हा घोळ उरलेला नाही. एमबीआरवाली जुनी मशिनं सांभाळणाऱ्यांनी मात्र फॉरमॅटला ‘हो’ म्हणण्याआधी लिनक्स आणि बायोस, दोन्हीकडचे आकडे ताडून पाहावेत.

चालू मशिन त्या पोराला मुद्दाम नेऊन दाखवलं. “आपोआप झालं असेल,” म्हणाला. दीडशे रुपये काही परत दिले नाहीत.