जेवणानंतर छातीत होणारी जळजळ : लक्षणे व निदान

जेवण होऊन अर्धा-पाऊण तास होतो आणि छातीच्या मधल्या हाडामागे जळजळ सुरू होते. वाकले वा आडवे झाले की ती घशाकडे चढते, तोंडात आंबट-कडू पाणी येते. घरोघरी याला ‘पित्त झाले’ असे म्हणतात. वस्तुतः पित्त यकृतात तयार होते. येथे वर चढते ते बहुधा जठरातील आम्ल होय.

अन्ननलिका जठराला मिळते तेथे स्नायूंचे एक वर्तुळ असते. घास उतरताना ते सैल होते व एरवी आवळलेले राहते. भरपेट जेवणाने जठर ताणले की हे वर्तुळ मधूनमधून आपोआप सैल पडते आणि आम्ल वर येते. जठराच्या आतील अस्तर आम्ल सोसू शकते, अन्ननलिकेचे तितके नाही. तळलेले पदार्थ जठरात अधिक काळ राहतात, म्हणून पुरी-भाजी वा छोले-भटुऱ्यांनंतर हा त्रास अधिक जाणवतो. लठ्ठपणा, गर्भावस्था, तंबाखू व मद्य यांनीही तो वाढतो. काहींना जळजळ मुळीच होत नाही; रात्रीचा कोरडा खोकला किंवा सकाळी बसलेला आवाज एवढेच लक्षण असते. मात्र त्याला इतरही कारणे असू शकतात.

प्रथम हृदयविकाराची शंका दूर करावी

‘गॅस झाला असेल’ असे समजून हृदयविकाराच्या झटक्यातील मोलाचा वेळ घरीच दवडला जातो. छातीवर दाब वा आवळल्यासारखे वाटणे, वेदना जबड्यात, खांद्यात किंवा हातात पसरणे, दरदरून घाम, धाप, चालताना वा जिना चढताना वाढणारा त्रास, यांपैकी काहीही असल्यास सोडा अथवा गोळी घेऊन वाट पाहू नये. 108 किंवा 112 या क्रमांकावर त्वरित संपर्क साधावा. मधुमेही व्यक्ती, स्त्रिया आणि वृद्ध यांच्यात हृदयविकार केवळ मळमळ व पोटाच्या वरच्या भागातील अस्वस्थता या रूपानेही प्रकट होऊ शकतो. ई.सी.जी. एकदा सामान्य आला तरी शंका असल्यास डॉक्टर तो पुन्हा काढतात व रक्ततपासणी करतात; त्यास नकार देऊ नये.

निदान कसे होते ?

बहुतेक रुग्णांमध्ये निदान आपण सांगितलेल्या लक्षणांवरूनच होते. म्हणून भेटीपूर्वी आठवडाभर एक साधी नोंद ठेवावी : काय व केव्हा खाल्ले, किती वेळाने आडवे झालात, त्रास केव्हा झाला. आठवड्यातून दोन वा अधिक दिवस जळजळ होत असल्यास तपासून घेणे इष्ट. धोक्याचे लक्षण नसेल तर डॉक्टर सामान्यतः चार ते आठ आठवडे आम्ल कमी करणारे औषध देतात. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारख्या गोळ्या जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावयाच्या असतात. जळजळ झाल्यावर घेतल्याने ‘गोळी लागू पडत नाही’ असा चुकीचा समज होतो.

गिळताना घास अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी, डांबरासारखा काळा शौच, रक्तक्षय किंवा सतत उलट्या असल्यास औषध घेऊन पाहण्यात वेळ न घालवता दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, करावी लागते. त्यासाठी सहा ते आठ तास उपाशी राहावे लागते. घसा बधिर करून बारीक नळी आत सोडतात व तपासणी काही मिनिटांत संपते. अन्ननलिका निर्दोष दिसली म्हणजे आजार नाही असे नव्हे : जळजळ होणाऱ्या निम्म्याहून अधिक रुग्णांत ती तशीच दिसते. अशा वेळी नाकावाटे बारीक तार अन्ननलिकेत ठेवून 24 तास आम्लाची नोंद घेता येते. या काळात रुग्ण नेहमीप्रमाणे जेवतो, हिंडतो. आम्लता मापनाचा अंक 4 च्या खाली राहण्याचा काळ एकूण वेळेच्या 6 टक्क्यांहून अधिक असेल तर निदान पक्के होते. पोटाच्या सोनोग्राफीत मात्र वर चढणारे आम्ल दिसत नाही. ती पित्ताशयातील खडे ओळखण्यास उपयोगी.

रात्रीचे जेवण झोपेपूर्वी दोन-तीन तास उरकावे व पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा ठेवून ती बाजू 15 ते 20 सें.मी. उंच करावी, नुसत्या उशा वाढवल्याने पोट दुमडते. डाव्या कुशीवर झोपल्यास आम्ल कमी चढते. ‘वामकुक्षी’ या शब्दाचा अर्थही डावी कूस असाच आहे, पण भरल्या पोटी लगेच आडवे होण्यास ती सबब नव्हे. रक्तदाबाच्या रुग्णांनी खाण्याचा सोडा वारंवार घेऊ नये, त्यात सोडियम असते. रक्तदाब, दमा व वेदना यांवरील काही गोळ्याही जळजळ वाढवतात. त्या स्वतःहून बंद न करता चालू असलेली सर्व औषधे तपासणीच्या वेळी सोबत न्यावीत.