दोरीतला ताण आणि वाक्यातला कर्ता

मी साहित्य शिकवतो. तरीही आमच्या सीमाभागात मराठी शाळेतून दहावी होऊन अकरावीला इंग्रजीतून विज्ञान शिकू लागलेली काही मुले दोरीने जोडलेल्या ठोकळ्यांचे गणित घेऊन माझ्याकडे येतात. न्यूटनचा दुसरा नियम त्यांना पाठ असतो. अडते ते 'कोण कोणाला ओढते' या प्रश्नापाशी, म्हणजे कर्ता-कर्मापाशी.

एक उदाहरण घेऊ. सपाट टेबलावर पुढे ३ किलोचा आणि मागे २ किलोचा ठोकळा आहे. मधली दोरी हलकी, न ताणणारी आहे. पुढचा ठोकळा २० न्यूटन बलाने आडवा ओढला आहे आणि दोन्ही सरकत आहेत. घर्षणांक ०.२, गुरुत्व त्वरण १० धरू.

आधी मराठीत वाक्ये लिहावीत. पुढच्या ठोकळ्याला हात पुढे ओढतो, दोरी मागे ओढते, टेबल अडवते. मागच्या ठोकळ्याला दोरी पुढे ओढते, टेबल अडवते. या दुसऱ्या वाक्यात हात कुठेच नाही! मुले नेमके तिथेच २० न्यूटन लिहून बसतात.

आता आकडे. घर्षण पुढे ०.२ × ३० = ६ आणि मागे ०.२ × २० = ४ न्यूटन. दोन्ही ठोकळे एकत्र धरले, तर ताण हा आतला व्यवहार ठरतो व हिशेबातून गळतो : २० − १० = ५ × त्वरण; म्हणून त्वरण २. मागचा ठोकळा वेगळा काढला, की ताण − ४ = २ × २; म्हणून ताण ८ न्यूटन. पडताळा पुढच्या ठोकळ्यावर घ्यावा : २० − ८ − ६ = ६ = ३ × २.

घर्षण अजिबात नसते, तर त्वरण ४ झाले असते. पण ताण २ × ४, म्हणजे ८ न्यूटनच राहिला असता. दोन्हींचा घर्षणांक समान असेल, तर घर्षण वेग वाढण्याला आवर घालते, ताण बदलत नाही. मागच्याचा घर्षणांक ०.४ केला, की त्याचे घर्षण ८ होते, त्वरण १.२ वर येते आणि ताण ८ + २.४ = १०.४ न्यूटन होतो.

विज्ञानाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे : समीकरणाआधी प्रत्येक ठोकळ्याचे एक वाक्य मुलांकडून त्यांच्या भाषेत लिहून घ्या. परीक्षा इंग्रजीत असली, तरी विचार कळत्या भाषेत व्हायला हरकत नाही.