'आर' म्हणजे किती? सातबारा वाचताना

पौड, पिरंगुट, भूगाव या भागात वर्कशॉपसाठी किंवा गोदामासाठी जागा पाहणारे कारागीर व व्यापारी बांधव आम्हाला नेहमी भेटतात. बोलणी सगळी गुंठ्यात चालतात. सातबारा हातात आला की त्यावर गुंठा हा शब्दच नसतो, तेथे असतो 'आर'. 'आर म्हणजे गुंठाच की!' असे म्हणून बहुतेक जण पुढे जातात. खरे सांगायचे तर आम्हीही बरीच वर्षे तसेच म्हणत होतो.

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा, म्हणजे १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आर हे मेट्रिक माप, फ्रान्समध्ये १७९५ साली कायद्याने ठरलेले. १० मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे १०० चौरस मीटर किंवा सुमारे १,०७६ चौरस फूट. 'हेक्ट' म्हणजे शंभर, म्हणून शंभर आरांचा हेक्टर.

गुंठ्यामागे फरक साडेबारा चौरस फुटांचा. क्षुल्लक वाटतो ना? आमच्या ओळखीच्या एका फॅब्रिकेशनवाल्या भाईंनी चौघांत मिळून 'एक एकर' ठरवला. उताऱ्यावर होते ०.४०.००. एकराचे ४,०४७ चौरस मीटर होतात, ४० आराचे ४,०००. म्हणजे पाचशे चौरस फूट कमी, आणि पैसे पुऱ्या एकराचे! विसार देण्याआधी हे ध्यानात आले म्हणून त्यांनी भाव आरावर बांधून घेतला.

दुसरी गफलत टिंबाची. ०.४०.०० यात पहिले घर हेक्टरचे, दुसरे आरचे, तिसरे चौरस मीटरचे. ०.०४.०० म्हणजे ४ आर, पण कोणी तोंडी '०.४ हेक्टर' म्हणाला तर ते झाले ४० आर. दहापट! २०२० साली आलेल्या नव्या नमुन्यात बिगरशेतीच्या उताऱ्यावर हेक्टरचे घर ठेवलेले नाही. तेथे पहिलाच आकडा आरचा.

मुळशीच्या डोंगरउतारावर पोटखराब्याचे क्षेत्रही पाहावे, ते एकूण आकड्यात धरलेले असते. सौदाचिठ्ठीत नुसते 'गुंठे' न लिहिता चौरस मीटर अंकी व अक्षरी लिहून घ्यावेत, आणि मोजणी झाल्याखेरीज शेवटचा हप्ता देऊ नये.