फुटबॉलचा खर्च आणि आपली खतावणी

व्यापारी बंधूंनो, कोल्हापूरच्या फुटबॉलवेडाबद्दल आम्ही वेगळे सांगायला नको. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचा सामना शाहू स्टेडियमवर असला की गल्लीत दुसरा विषय नसतो. कॉलेजांचेही संघ आहेत. पण एखाद्या कॉलेजने वर्षभरात एकट्या फुटबॉलवर किती खर्च केला, हे त्याच्या वार्षिक हिशेबातून कळणे कठीण.

कारण सोपे आहे. खासगी कॉलेजे चालवणाऱ्या बहुतेक संस्था 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. त्यांचा ताळेबंद अनुसूची 8 प्रमाणे आणि उत्पन्न-खर्चाचे पत्रक अनुसूची 9 प्रमाणे तयार होते. त्यात संस्थेच्या उद्दिष्टांवरील खर्चाची धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय अशी मोठमोठी खाती असतात. चेंडू, बूट, प्रवासभाडे सारे त्यात मिसळते. हिशेब खोटा नसतो. खेळाची ओळ तेवढी दिसत नाही.

अमेरिकेत 1994 साली यासाठी कायदा झाला. तिथले फुटबॉल वेगळे, हातात चेंडू घेऊन पळण्याचे. पण खर्च अवाढव्य. सरकारी विद्यार्थी-मदत घेणाऱ्या आणि संघ पाठवणाऱ्या कॉलेजांना दरवर्षी 15 ऑक्टोबरपर्यंत अहवाल खुला करावा लागतो. त्यात फुटबॉलची जमा आणि खर्च स्वतंत्र दाखवावा लागतो. कोणत्याच एका संघावर न टाकता येणारा खर्च वेगळ्या ओळीत येतो. तरीही एक मेख आहे. कॉलेजने स्वतःच्या तिजोरीतून खेळाला दिलेली रक्कमही जमेत धरता येते. म्हणून अनेक अहवालांत जमा आणि खर्च नेमका सारखा दिसतो. वाचणाऱ्याला वाटते, खेळाने आपला खर्च स्वतः भागवला.

हीच चूक आपल्या दुकानात होते. समजा, एका टेलरने हंगामात 60,000 रुपयांच्या जर्सी विकल्या. कापड 34,000, शिलाईची मजुरी 18,000, छपाई 5,000. उरले 3,000. तो खूश! पण दुकानभाडे आणि विजेतला जर्सीच्या कामाचा वाटा 6,000 होता, तो धरलाच नाही. म्हणजे 3,000 तोटा. त्यात घरचे 10,000 गल्ल्यात घालून ते विक्रीसोबत जमा लिहिले, तर वहीत 7,000 नफा दिसेल! या भरवशावर पुढच्या हंगामासाठी उधारीवर कापड उचलले, तर कर्ज अंगावर आलेच.

तेव्हा तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक कामाचे खाते वेगळे ठेवावे. भाडे, वीज, कारागिराचा पगार यांचा वाटा प्रत्येक कामावर टाकावा. घरातून घातलेला पैसा भांडवल खाती लिहावा, विक्रीत कधीही नाही.

सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा आहे. लिहायचेच, तर असे लिहावे की आपले आपल्यालाच खरे कळेल.